पाय प्लास्टरमध्ये आणि रिमोट आईकडे

प्रश्न असा आहे की अलीकडे घरबसल्या कुठले सिनेमे बघितले, आणि परीक्षण वगैरे नको, साधं मत सांगा. तर सांगतो, माझ्याकडे सध्या मतं भरपूर आहेत कारण दुसरं काहीच नाहीये. गेल्या महिन्यात जिन्यावरून घसरून घोटा मोडला, सहा आठवडे प्लास्टर, म्हणून पुण्यातली खोली तशीच ठेवून कराडला आईबाबांकडे येऊन पडलोय. हॉलमध्ये दिवाण, समोर टीव्ही, पायाखाली दोन उशा. रोज एक सिनेमा, कधी दोन.

आधी एक कबूल करतो. मी एकट्याने बघितलेल्या सिनेमाबद्दल माझं मत आणि आईबाबांबरोबर बघितलेल्याबद्दलचं मत यात जमीन अस्मानाचा फरक पडतो. थिएटरात माणूस अंधारात कोंडलेला असतो, पैसे दिलेत म्हणून तरी बसतो. घरी तसं काही नाही, कुकरची शिट्टी झाली की आई उठणार, फोन आला की बाबा उठणार आणि फोनवर बोलायचं म्हणून आवाज बंद करायला लावणार. त्यामुळे माझ्याकडे आता एकच मोजमाप राहिलंय, आई किती वेळा उठली. गॅस बारीक करून परत आली तर सिनेमा बरा. गॅस बंदच करून आली तर मग विषयच संपला, सिनेमा एकदम भारी.

गॅस बंद करायला लावणारा पहिला सिनेमा म्हणजे कोर्ट. चैतन्य ताम्हाणेचा, 2014 चा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. मला वाटलेलं आई दहा मिनिटांत घोरणार, कारण सगळ्यांनी सांगितलेलं की लई संथ आहे, कॅमेरा एका जागी ठेवलाय आणि माणसं लांबून दिसतात. एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर केस होते, का तर म्हणे त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला. आईने पहिला अर्धा तास भाजी निवडत बघितला. आणि मग ती सरकारी वकील बाई, गीतांजली कुलकर्णी, कोर्टातनं सुटून लोकलमध्ये बसते, शेजारच्या बाईशी साडीवरून गप्पा मारते, पोराला घेते आणि घरी जाऊन सरळ स्वैपाकाला लागते, आणि घरातले बाकीचे टीव्ही बघतायत. इथे आईची मेथी हातातच राहिली. म्हणाली, "ही दिवसभर त्या म्हाताऱ्याला तुरुंगात ठेवा म्हणतीय आणि घरी येऊन बघ कशी, आपल्यासारखीच आहे की." मला वाटतं अख्खा सिनेमा आईने त्या एका वाक्यात सांगितला, मी वाचलेल्या कुठल्या लेखात तो एवढा नीट सापडला नव्हता. त्यातले शाहीर म्हणजे वीरा साथीदार, ते मुळात कार्यकर्ते, पडद्यावर अभिनय करतायत असं वाटतच नाही. 2021 मध्ये कोरोनाने गेले.

आणि शेवटाकडे एक गंमत झाली. कोर्टाला सुट्टी लागते, सगळे निघून जातात, दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा होतो, बराच वेळ काळाच. आई म्हणाली लाईट गेली का रे. बाबा उठून फ्यूज बघायला निघाले, मी म्हणलं बसा ओ बाबा, फॅन फिरतोय की. मग परत सिनेमा सुरू झाला, जज साहेब सहलीला. काय होतं ते सांगत नाही, पण तो शेवटचा तुकडा बघितल्याशिवाय टीव्ही बंद करू नका, बरेच लोक त्या अंधारातच उठत असणार असा मला दाट संशय आहे.

त्याच दिग्दर्शकाचा द डिसायपल मात्र आईबरोबर जमला नाही आणि खरं सांगायचं तर मलाही तो तीन बैठकांत संपवावा लागला. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या मुलाची गोष्ट आहे, वर्षानुवर्षं रियाज करतो आणि हळूहळू कळत जातं की आपल्यात तेवढं नाहीये. वाईट अजिबात नाही, पण दुखऱ्या पायाने बघायचा सिनेमा नव्हे. एक सांगतो, तो रात्री मुंबईच्या मोकळ्या रस्त्यावरून बाईकवर जातो आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचं जुनं रेकॉर्डिंग, ते प्रसंग टीव्हीवर फुकट गेले, दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून तेवढेच परत बघितले आणि अंगावर काटा आला. तो माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा आहे, आणि 2021 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या त्यानंतर थोड्याच दिवसांत सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. हे कळल्यावर ते प्रसंग आणखीच जड झाले.

बाबांची गोष्ट वेगळी. बाबा सरकारी नोकरीत होते, बदल्या होत राहिल्या, मी दहावीपर्यंत चार शाळा बदलल्या. ह्याबद्दल आमच्या घरात कधी कोणी काही बोललेलं नाही, त्यात बोलण्यासारखं काय आहे असंच सगळ्यांना वाटत आलंय. आणि मी काही विचार न करता किल्ला लावला. अविनाश अरुणचा, बर्लिनला मुलांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळालेला, त्याने दिग्दर्शन पण केलंय आणि कॅमेरा पण त्याचाच. वडील गेलेत, आईची बदली कोकणात झालीये, पोरगा पुण्यातनं तिथल्या शाळेत आलाय. अमृता सुभाष आई आहे. पोरांची सायकलची शर्यत लागते, हा किल्ल्यावर जातो आणि पावसात एकटाच मागे राहतो, बाकीचे निघून गेलेले. तिथे कोणी फार रडत बिडत नाही, संगीत कानठळ्या बसवत नाही, नुसता पाऊस आणि ते पोरगं. मी बाबांकडे बघायचं टाळत होतो. सिनेमा संपला, बाबा गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालून आले, पाऊस पडून गेलेला तरी. मग जेवताना एकदम म्हणाले, "तुला पण असंच व्हायचं काय रे नवीन शाळेत?" मी म्हणलं नाही ओ बाबा, मला कुठं काय. सपशेल खोटं. त्यांना कळलं असणार, पुढे काही विचारलं नाही, फक्त ताटात आणखी एक भाकरी टाकली.

आता जरा शिव्या घालायच्या सिनेमाकडे वळूया, तर त्या मी सिनेमाला नाही, टीव्हीला घालणार आहे. तुंबाड हा भयपट मी भर दुपारी लावला, ही माझी चूक. अख्खा सिनेमा पाऊस, कंदील आणि अंधार, आणि आमच्या टीव्हीत मला त्यातला राक्षस हस्तर कमी आणि माझ्या पायाचं प्लास्टर जास्त दिसत होतं, मागच्या खिडकीचा उजेड. आईने खिडकीला चादर लावली तरी काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, सगळं कसं गुळगुळीत, सिरियलसारखं. मग सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर मोशन स्मूदिंग चालू. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो, आणि टीव्ही स्वतःच्या डोक्याने मधली चित्रं बनवून घुसवतो, त्यामुळे तो वाडा आणि तो पाऊस स्टुडिओतल्या सेटसारखा दिसायला लागतो. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, पण चित्राच्या सेटिंगमध्ये मोशन लिहिलेलं काहीतरी सापडेल ते बंद करा, मॅचच्या वेळी हवं तर चालू करा. मी बंद केला आणि सिनेमा पहिल्यापासून परत लावला, रात्री, दिवे घालवून. ती साखळीने बांधलेली म्हातारी झोपेतनं उठते तेव्हा आई चक्क स्वैपाकघरात जाऊन उभी राहिली, आणि हे उठणं मी सिनेमाच्या बाजूनेच मोजलं. एकच तक्रार, कोकणातला वाडा, 1918 सालचं मराठी घर, विनायकराव नाव, आणि सगळे हिंदी बोलतात. मुंबईत पैसे उभे करायचे म्हणजे काय करणार, समजतं, पण आई दर पाच मिनिटांनी विचारायची की हे लोक घरात हिंदी का बोलतायत.

आवाजाचं पण तेच. बोलणं ऐकू येत नाही म्हणून वाढवायचा आणि संगीत सुरू झालं की शेजारचे उठतील म्हणून धावत कमी करायचा. थिएटरच्या पाच सहा स्पीकरसाठी केलेला आवाज टीव्हीच्या दोन बारक्या स्पीकरमध्ये कोंबल्यावर असंच होणार. साउंड मेनूत स्पीच किंवा डायलॉग असं काही असेल तर ते लावा. माझा पाय बांधलेला, रिमोट आईकडे, त्यामुळे आमच्याकडे "आवाज आवाज" असा ओरडा चालूच.

वाळवी बद्दल फार लिहित नाही कारण लिहिलं की फुटतो. परेश मोकाशींचा, खून करून आत्महत्या भासवायचा प्लॅन आणि मग एकावर एक घोळ. दीड पावणेदोन तासात आटोपतो हे सगळ्यात भारी, हल्ली कोणाला सिनेमा संपवताच येत नाही. आई एकदाही उठली नाही. नावाचा अर्थ शेवटी लागतो, त्याच्या आधी गुगल करू नका.

आणि आता तो सिनेमा ज्याने घरात भांडण व्हायचं तेवढं राहिलं. द ग्रेट इंडियन किचन, मल्याळम, 2021 चा, जियो बेबीचा. लग्न करून आलेली एक मुलगी, नवरा, सासरा, आणि स्वैपाकघर, बस. त्यांना नावंसुद्धा नाहीत. चिरणं, वाटणं, उकळणं, वाढणं, खरकटं उचलणं, भांडी, परत चिरणं. भात कुकरमधला चालत नाही, चुलीवरचाच पाहिजे. कपडे मशीनमध्ये नकोत. सासरा एक शब्द वर करून बोलत नाही, उलट गोड बोलतो, तेच जास्त डोक्यात जातं. आणि जेवण झाल्यावर टेबलावर शेवग्याच्या शेंगांचा चोथा तसाच पडलेला, त्याच टेबलावर मागनं बायकांनी बसायचं. मी सबटायटल लावत होतो तर आई म्हणाली राहू दे रे, ह्याला कशाला वाचायला पाहिजे. आणि त्या सिंकखालच्या गळक्या पाइपवर, जो ती रोज नवऱ्याला सांगते प्लंबर बोलवा आणि तो रोज विसरतो, आईने बाबांकडे नुसतं बघितलं. आमच्या मोरीचा नळ दिवाळीपासून ठिबकतोय.

त्या रात्री जेवण झाल्यावर बाबा आपलं ताट घेऊन उठले, मी जन्मात पहिल्यांदा बघितलं असेन, आणि मोरीपर्यंत जाऊन ठेवून आले, आमटीसकट, पाणी न घालता. आई म्हणाली, "निम्म्या वाटेपर्यंत तरी आला." नळ अजून ठिबकतोय. सिनेमाने माणूस बदलतो वगैरे मी म्हणणार नाही. पण हा सिनेमा थिएटरात नाही, घरात, जिथे मागे खरं स्वैपाकघर आहे तिथेच बघावा. शेवट थोडा ठरवून केल्यासारखा वाटला मला, नाच वगैरे नसता तरी चाललं असतं. आईला तोच सगळ्यात आवडला, तेव्हा माझं मत सोडून द्या.

मधल्या काळात बनवाबनवी झालाच, तो मोजत नाही, तो काय बघायचा असतो होय, तो चालू असतो. 1988 चा आहे, मूळ हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या बीवी और मकान वरनं घेतलेला, हे मला ह्या वेळी कळलं आणि बाबांना सांगितलं तर त्यांना पटेना. आम्ही तिघं संवाद आधी म्हणतो आणि अशोक सराफ नंतर. सुधीर जोशींचे सत्तर रुपये वारले तेव्हा मी इतका हसलो की पाय हलला आणि कळ आली.

शेवटचा सामना. पन्नास वर्षं जुना, जब्बार पटेल, लिहिलाय विजय तेंडुलकरांनी. साखर कारखान्याचा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि कुठनं तरी आलेला दारुडा मास्तर म्हणजे श्रीराम लागू. पाटलाला सगळं मिळालंय आणि हा मास्तर एकच विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं. निळूभाऊ ह्यात ओरडत नाहीत, नुसते बघतात, आणि त्या बघण्याने आमच्यासारख्या उसाच्या पट्ट्यात वाढलेल्याला जे कळतं ते कळतं. बाबा सारखे म्हणत होते हा तर अमक्यासारखा, तो तमक्यासारखा, नावं इथे लिहित नाही, मला कराडात अजून तीन आठवडे राहायचंय. कृष्णधवल आहे, प्रिंट बरी नव्हती, मध्ये मध्ये आवाज खरखरतो, तरी आईने गॅस बंद केला. दोनदा चहा राहिला.

तेव्हापासून घरात तो प्रश्न चिकटलाय. काल डब्यातल्या शेवटच्या दोन चकल्या गायब, मी दिवाणावरून हलू शकत नाही म्हणजे संशयित एकच, आणि आई रिकामा डबा घेऊन बाबांसमोर उभी, मारुती कांबळेचं काय झालं?