‘ल ज्युस्त प्री’ म्हणजे ‘रास्त भाव’ का?

प्रश्न असा: वस्तूंच्या किमती ओळखायला लावणाऱ्या ‘ल ज्युस्त प्री’ या फ्रेंच टीव्ही कार्यक्रमाचं नाव मराठीत ‘रास्त भाव’ असं करावं का? आणि उपशीर्षकांत ‘से प्ल्युस’, ‘से म्वँ’ला ‘जास्त’, ‘कमी’ चालेल का?

दोन्ही नको.

‘ज्युस्त’ला न्याय्य आणि अचूक असे दोन्ही अर्थ आहेत. हिशेब ‘ज्युस्त’ येतो, गाणारा सुरात असला तर ‘ज्युस्त’ गातो. कार्यक्रमाचं मूळ १९५६ सालचं अमेरिकन ‘द प्राइस इज राइट’. तिथला ‘राइट’ म्हणजे बरोबर. ‘रास्त’ म्हटलं की गिऱ्हाइकाला न नाडणारा, रेशन दुकानाच्या पाटीवरचा अर्थ डोक्यात येतो. स्पर्धकाला सोफा महाग आहे की स्वस्त हे कोणी विचारत नाही, तो कितीला विकला जातो एवढंच ओळखायचं असतं.

‘भाव’ही बसत नाही. भाव मापावर असतो: कांद्याचा किलोला, सोन्याचा तोळ्याला. मिक्सरची, फ्रीजची, गाडीची किंमतच असते. ‘छापील किंमत’ तर आणखी फसवी. आपल्याकडच्यासारखी पुड्यावरची कमाल किंमत फ्रान्समध्ये नसते. १ डिसेंबर १९८६च्या अध्यादेशानंतर किमती सर्वसाधारणपणे खुल्या आहेत. मोठा अपवाद पुस्तकांचा: १९८१च्या कायद्याने त्यांची किंमत प्रकाशक ठरवतो. नाव म्हणून मला ‘किंमत ओळखा’ आवडतं. वाक्यात शब्दशः अर्थ द्यायचा तर ‘अचूक किंमत’.

खरी फसगत ‘जास्त’मध्ये आहे. समजा टीव्हीची किंमत ९५० युरो आहे आणि स्पर्धक म्हणतो ८००. निवेदक म्हणतो, ‘से प्ल्युस!’ म्हणजे किंमत याहून जास्त आहे, वर जा. मराठीत नुसतं ‘जास्त!’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार, ८०० जास्त झाले. पुढच्या दमात स्पर्धक ९०० का म्हणतोय ते कळणार नाही. ‘कमी!’चा घोटाळा नेमका उलटा. म्हणून ‘अजून वर’ आणि ‘खाली या’. घड्याळ चालू असताना आकड्यांची फैर झडते, तेव्हा ‘वर’, ‘खाली’ एवढंही पुरतं. ‘याहून जास्त’ अर्थाला निर्दोष, पण या वेगात लांब पडतं.

जिथे बोली लावून किंमत न ओलांडता सर्वांत जवळ जायचं असतं, तिथे ‘सर्वांत जवळचा अंदाज’ अपुरं आहे. त्याच टीव्हीला एकाने ९४० आणि दुसऱ्याने ९५१ म्हटलं, तर जवळचा दुसरा, पण जिंकतो पहिला. ‘किमतीच्या वर न जाता’ हे शब्द गाळू नका.

‘प्री’ फ्रेंचमध्ये prix असा लिहितात, पण उच्चारात शेवटचा ‘क्स’ नाही. ‘ग्राँ प्री’मधला ‘प्री’ तोच. फ्रेंचमध्ये बक्षीस आणि किंमत दोन्हींना हा एकच शब्द आहे.