पेन्सिल कोणाच्या हातात?

दहावीचे वर्ष अर्ध्यावर आले की या सदराकडे भौतिकशास्त्राची पत्रे येऊ लागतात. यंदाच्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. बहुतेकांनी गणिताचे उत्तर विचारलेले नाही. एकमेकांना मदत करूनही गुण का मिळत नाहीत, असे विचारले आहे. म्हणून या वेळी त्याच विषयावरची पाच पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीत शिकणाऱ्या पाच मैत्रिणी आहोत. रोज संध्याकाळी एकीच्या घरी बसून गणिते सोडवतो. आमच्यातील एकीला विषय चांगला येतो आणि ती समजावून सांगते तेव्हा आम्हाला सारे कळतेही. घरी सोडवलेल्या गणितात अंतर्वक्र आरशाचे नाभीय अंतर १५ सें.मी. आणि वस्तूचे अंतर १० सें.मी. होते. चाचणीत वस्तूचे अंतर तेवढे ३० सें.मी. केले होते. उरलेल्या आम्ही चौघींनी ‘अधिक ३०, आभासी’ असे लिहिले आणि चौघींचेही चुकले. आमचे नेमके काय चुकते?

उत्तर : आधी गणित पाहू, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. सूत्र १/व्ही + १/यू = १/एफ असे आहे; यू म्हणजे वस्तूचे अंतर, व्ही प्रतिमेचे आणि एफ नाभीय अंतर, म्हणजे समांतर आलेले किरण जिथे एकत्र येतात त्या नाभीपर्यंतचे. आरशासमोरची अंतरे ऋण धरायची आणि मागची धन. वस्तू आरशासमोर असल्यामुळे यू ऋण, आणि अंतर्वक्र आरशाची नाभी समोरच्याच बाजूला असल्यामुळे एफही ऋण. पहिल्या गणितात १/व्ही = −१/१५ + १/१०, म्हणजे १/३०; व्ही अधिक ३० सें.मी. प्रतिमा आरशामागे, आभासी, सुलट आणि तिप्पट मोठी. चाचणीतल्या गणितात १/व्ही = −१/१५ + १/३०, म्हणजे −१/३०; व्ही उणे ३० सें.मी. प्रतिमा आरशासमोर, वास्तव, उलटी आणि वस्तूएवढीच. आकडा दोन्हीकडे तीसच आला. फरक फक्त चिन्हात आहे आणि त्या चिन्हामुळे प्रतिमा आरशाच्या एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली. ज्याने प्रश्न काढला त्याने हे आकडे मुद्दाम निवडले असावेत, अशी मला दाट शंका आहे. पाठ केलेले उत्तर पकडण्यासाठी याहून सोपा सापळा नाही.

आता तुमच्या मैत्रिणीविषयी. ती मनापासून मदत करते यात संशय नाही, पण गणित सोडवताना पेन्सिल कोणाच्या हातात असते ते एकदा पाहा. मी शिकवत होतो तेव्हा मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसलेली दोन मुले मला आजही आठवतात. एकाने ‘हे कसं आलं सांग की गा’ म्हणून वही पुढे केली. दुसऱ्याने त्याच्या हातातली पेन्सिल घेतली, अर्ध्या मिनिटात गणित संपवले आणि वही परत दिली. पहिल्याने मान डोलावली. वहीच्या त्या पानावर त्याने स्वतः घातलेले वजाचे चिन्ह दोनदा खोडलेले होते, इतके की कागदाला भोक पडले होते. त्याची शंका नेमकी त्या भोकापाशी होती आणि तिच्याविषयी दोघांपैकी कोणी अवाक्षरही बोलले नाही. दुसऱ्याचे सोडवणे पाहताना जे कळते ते ओळखीचे वाटणे असते. कोऱ्या कागदावर पहिली ओळ कोणती लिहायची, हा निर्णय त्यात आपण घेतलेलाच नसतो.

त्यानंतर माझ्या वर्गात मी एक नियम केला होता, तो तुम्ही करून पाहा. मदत करणाऱ्या मुलीने पेन्सिलने एकच गोष्ट करायची : मैत्रिणीचे गणित पहिल्या ओळीपासून वाचायचे, जिथपर्यंत बरोबर आहे तिथे खाली एक रेघ मारायची आणि वही परत द्यायची. रेघेखाली काय चुकले हे सांगायचे नाही; विचारायचेच असेल तर ‘ही किंमत ऋण का घेतलीस’ किंवा ‘का घेतली नाहीस’ एवढेच विचारायचे. हुशार मुलांना हे फार जड जाते. उत्तर जिभेवर असताना गप्प बसणे सोपे नसते, आणि पहिल्या आठवड्यात पाच गणितांऐवजी दोनच होतील. तरी चालेल. आणखी एक सवय लावा, ती म्हणजे आकड्याआधी चित्र डोळ्यांसमोर आणण्याची. दाढीचा आरसा अंतर्वक्र असतो आणि त्यात जवळून पाहिलेला चेहरा मोठा व सुलट दिसतो, हे घरात सर्वांना ठाऊक असते. वस्तू नाभीच्या आत असून उत्तर ‘वास्तव, उलटी’ असे आले, तर तो आरसाच तुम्हाला थांबवील.

प्रश्न : माझा मुलगा निपाणीत दहावीला आहे. कोल्हापूरला राहणारा त्याचा आतेभाऊ महाराष्ट्र बोर्डाचा, याच वर्षी दहावीला. त्याच्या क्लासच्या नोट्स मुलाला द्याव्यात का?

उत्तर : द्याव्यात, पण धडे जुळवून. आपल्याकडे, कर्नाटकात, विज्ञानाचे पुस्तक एनसीईआरटीचे आहे आणि भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून ८० गुणांची एकच लेखी प्रश्नपत्रिका असते, वरचे २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. महाराष्ट्रात ४०-४० गुणांचे दोन भाग असतात. नुसती रचनाच नव्हे, तर धड्यांची इयत्ताही वेगळी आहे. आतेभावाच्या दहावीच्या पहिल्या भागातील गुरुत्वाकर्षण, उष्णता आणि अवकाश मोहिमा हे धडे तुमच्या मुलाला यंदा नाहीत. उलट गोलीय आरसे, ओहमचा नियम आणि रोधांची जोडणी हे त्याला दहावीत असलेले भाग तिकडे नववीत शिकवतात. त्यामुळे आतेभावाची दहावीची नवी वही मागण्यापेक्षा त्याचे बालभारतीचे नववीचे जुने पुस्तक मागून घ्या. ते रद्दीत गेले नसेल तर त्याचा उपयोग अधिक होईल. भिंगांचा भाग मात्र दोघांना याच वर्षी आहे आणि चिन्हांचे संकेतही एकच आहेत, तेव्हा तेवढा धडा दोघांनी दिवाळीच्या सुट्टीत बरोबर बसून करावा.

प्रश्न : मी बेळगावात मराठी माध्यमात शिकतो आणि माझा शेजारी मित्र कन्नड माध्यमात. आम्हाला एकत्र अभ्यास करायचा आहे, पण घरचे म्हणतात की शब्दांचा गोंधळ होईल. खरे आहे का?

उत्तर : थोडा होईल आणि तो उपयोगी पडेल. विभवांतर, रोध, समांतर जोडणी हे शब्द दोन्हीकडे जवळजवळ सारखेच आहेत. आपण एकसर जोडणी म्हणतो तिला तुमचा मित्र ‘सरणी जोडणे’ म्हणेल, आपल्या परावर्तनाला तो ‘प्रतिफलन’ म्हणेल आणि अंतर्वक्र व बहिर्वक्र आरशांना ‘निम्न’ व ‘पीन दर्पण’. अपवर्तनाला त्यांच्याकडे ‘वक्रीभवन’ म्हणतात. तुमच्या वडिलांनी किंवा आजोबांनी मराठीत विज्ञान शिकले असेल तर त्यांना विचारा. जुन्या मराठी पुस्तकांतही हाच शब्द होता. नाभीय अंतराला कन्नडमध्ये ‘संगम दूर’ म्हणतात. मला स्वतःला हा शब्द आपल्या शब्दापेक्षा बोलका वाटतो, कारण समांतर आलेले किरण जिथे एकत्र येतात तिथपर्यंतचे अंतर, हा अर्थ तो न सांगताच सांगतो. आणि भिंगाला ते ‘मसूर’ म्हणतात. तुम्ही हसाल, पण मसुराचा दाणा हातात घेऊन पाहा, मध्ये फुगीर आणि कडेला निमुळता. इंग्रजीतील ‘लेन्स’ हा शब्दही मसुराच्या लॅटिन नावावरूनच आला आहे.

दोघांनी एकच किरणाकृती काढावी आणि नावे आपापल्या भाषेत द्यावीत. यू, व्ही, एफ ही अक्षरे आणि किरणांवरचे बाण दोघांचे सारखेच असतात. एखादी संज्ञा मित्राला त्याच्या भाषेत समजावताना तुम्ही अडखळलात, तर ती तुम्ही मराठीतही नुसती पाठ केलेली होती असे समजावे. परीक्षेत मात्र आपल्या पुस्तकातीलच शब्द लिहावा.

प्रश्न : समांतर जोडणीतील एकूण रोध सर्वांत लहान रोधापेक्षा कमी असतो, एवढे पाहिले की उत्तर तपासून होते, असे मित्राने सांगितले. ६ ओहम आणि ३ ओहम यांचे माझे उत्तर ०.५ ओहम आले. ते ३ पेक्षा कमी आहे, तरी सरांनी चूक दिली. (चिकोडी तालुका)

उत्तर : मित्राचा नियम खरा आहे, पण अपुरा. १/६ + १/३ = १/२ येथपर्यंत तुमचे बरोबर आहे; हे १/आर आहे, आर म्हणजे एकूण रोध नव्हे. ते उलटे केल्यावर २ ओहम येतात. उलटे करायला विसरणे ही या धड्यातील सर्वांत जुनी चूक असून मित्राची कसोटी नेमकी तिलाच पकडत नाही. तिला दुसरी बाजू जोडा : दोनच रोध समांतर असतील तर एकूण रोध लहान रोधाच्या निम्म्यापेक्षा कधीही कमी होत नाही. दोन्ही रोध समान असतील तेव्हा तो बरोबर निम्मा होतो. तुमच्या गणितात उत्तर १.५ आणि ३ यांच्या मध्येच हवे, ०.५ तेथे बसत नाही. हे मित्रालाही सांगा. उत्तरापुढे एकक लिहायला विसरू नका.

प्रश्न : भिंगाचा प्रयोग शाळेत एकदाच झाला आणि मागच्या बाकांवर कोणाला नीट दिसला नाही. माझ्याकडे तीन मित्र शिकायला येतात; त्यांना घरी काय दाखवू?

उत्तर : आजोबांचा वाचायचा चष्मा. त्याचा नंबर अधिक (+) चिन्हाचा असावा आणि काच एकाच नंबरची असावी. वरून लांबचे व खालून जवळचे पाहण्याचा दुहेरी चष्मा नको. दिवसा खोलीतील दिवे बंद करा, एकच खिडकी उघडी ठेवा आणि समोरच्या भिंतीजवळ काच खिडकीकडे करून धरा. चष्मा सावकाश पुढे-मागे करत गेलात की बाहेरचे नारळाचे झाड भिंतीवर लहान आणि उलटे उमटेल. ते स्पष्ट झाले की काचेपासून भिंतीपर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. नंबर अधिक २ असेल तर अंतर ५० सें.मी.च्या आसपास येईल, कारण मीटरमधील नाभीय अंतराचा व्यस्त म्हणजेच भिंगाची शक्ती. मित्रांना नंबर आधी सांगू नका. त्यांनी अंतर मोजून नंबर काढावा आणि मग दुकानदाराने दिलेल्या कागदाशी ताडून पाहावा. एखाद्याचा स्वतःचा चष्मा उणे नंबरचा असेल तर तोही धरून पाहा. भिंतीवर काहीच उमटणार नाही आणि अंतर्वक्र भिंगाचा धडा तेथूनच सुरू करता येईल. कोणत्याही भिंगातून सूर्याकडे पाहायचे नाही. आणि चष्मा मागायचा तो आजोबांचे वर्तमानपत्र वाचून झाल्यावर.