पॉलिटिकल इकॉनॉमी ॲनालिसिसचा हवामानाच्या प्रकल्पांत खरंच उपयोग होतो, की तो रिपोर्टातला नुसता एक चॅप्टर असतो?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात अर्थशास्त्रात एमए करताय, एका संस्थेत हवामान बदलाच्या प्रकल्पावर काम मिळतंय, तिथे ‘पीईए’, म्हणजे हेच ॲनालिसिस, करावं लागणार आहे. चौकट कुठली वापरावी आणि त्यासाठी ऑनलाइन कोर्स करावा का, असा प्रश्न आहे.

कोर्सचं आधी सांगून टाकते. करू नका. सगळ्या चौकटी वाचायला एक शनिवार-रविवार पुरतो. ब्रिटनच्या डीएफआयडी या परदेशी मदतीच्या खात्याने 2000 नंतर ‘ड्रायव्हर्स ऑफ चेंज’ या नावाने सुरुवात केली, 2009 मध्ये त्यांची ‘कसं करावं’ची टिपणी आली, त्याच वर्षी जागतिक बँकेने आपली आवृत्ती काढली, पुढे यूएसएड या अमेरिकेच्या मदत संस्थेनेही काढली. विचारायचं सगळीकडे तेच असतं. लिहिलेले नियम कोणते आणि न लिहिलेले कोणते, चाललंय त्यात कुणाचं भलं होतंय, बदललं तर कुणाचं जाईल, आणि जाणाऱ्याच्या हातात काय आहे. बाकी चौकोन आणि बाण.

एवढंच लिहून थांबणार होते. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज एक वाक्य टाकलंय, ‘आपल्याकडे राजकीय इच्छाशक्तीच नसते, मग ॲनालिसिस करून काय होणार?’ हे वाक्य मी एका माणसाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की गॅस बंद करून लिहायला बसले.

मी तेव्हा एका सल्लागार कंपनीत होते, नाव घेत नाही. परदेशी पैशावरचा प्रकल्प होता. इंदापूरकडच्या शेतकऱ्यांनी ऊस कमी करून कमी पाण्याच्या पिकांकडे वळावं, ठिबक वाढवावं, म्हणजे हवामानाच्या लहरींना तोंड देता येईल, अशी कल्पना. ऊस का सुटत नाही याचं कारण प्रस्तावातच छापून आलेलं: ‘जाणीवजागृतीचा अभाव’. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी आधी पुण्याला, मग हवेली-दौंडला आणि टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, उरलं तर इंदापूरला. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार यावर तिथल्या माणसाचं वर्ष ठरतं. पाण्याची जाणीव त्याला नाही तर कुणाला असणार?

पीईएचं काम माझ्याकडे आलं आणि मी गावोगाव फिरायला लागले. (सोबतचा ज्युनिअर मुलगा माझ्या निम्म्या वयाचा, पण प्रश्न मी विचारायचे आणि उत्तरं त्याच्याकडे बघून यायची. हाही पीईएचाच भाग समजा.) एका घराच्या ओसरीवर कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी ठेवणारा माणूस, बसला होता. मांडीवर नोंदवही. गट नंबर, लागणीची तारीख, उसाची जात 86032, नवी लागण की तोडलेल्या उसाचा फुटवा, म्हणजे खोडवा. मी त्या वहीत डोकावतेय हे बघून घरमालक आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून गेल्या हंगामाचं ऊसबिल घेऊन आले.

तो कागद नीट बघण्यासारखा होता. वर टनेज आणि दर. त्याखाली कपातींची रांग: गावच्या पतपुरवठा सोसायटीचं पीककर्ज, कारखान्याने उधारीवर दिलेलं बेणं, खत, पाणीपट्टी. सगळं वजा होऊन जे उरलं ते बँकेत. मी म्हटलं, ‘एवढं कापलं जातं, तरी ऊसच?’ त्यांनी ज्युनिअरकडे बघत उत्तर दिलं, ‘तूर लावली तर सोसायटी कुणाच्या बिलातनं कापणार? आणि कापता येत नसंल तर मला कर्ज कशाला देईल?’

सगळं त्यात आलं. सोसायटी आणि जिल्हा बँक उसाच्या नोंदीवर पैसा देतात, कारण वसुली कारखान्याच्या वजनकाट्यावरच होते. एकरी पीककर्जही उसाला तुरीपेक्षा कितीतरी जास्त. उसाला केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, आहे, 2025-26 च्या हंगामाला 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3550 रुपये. कायद्याने पैसे 14 दिवसांत द्यायचे असतात. बऱ्याचदा ते थकतात आणि महाराष्ट्रात तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते, पण घेणारा ठरलेला आहे आणि तो तोडणी मजुरांची टोळी घेऊन फडात येतो. तुरीलाही हमीभाव जाहीर होतो. दारात कुणी येत नाही. त्यात उसाला एखादी पाळी चुकली तर तो वाढायचा थांबतो, मरत नाही, भाजीपाला मरतो. मुलगा पुण्याला नोकरीला आणि घरी दोन म्हातारी माणसं असतील तर ऊस सोडून दुसरं पीक सांभाळणार कोण?

आणि चिटबॉय. कागदावर तोड, म्हणजे ऊस तोडायची पाळी, लागणीच्या तारखेनुसार मिळते. कारखान्याची निवडणूक तोंडावर असली की तारखा कशा मागे-पुढे होतात हे त्याने मला सांगितलं नाही. ‘मॅडम, चहा घ्या,’ एवढंच म्हणाला. पण कुणाचा ऊस डिसेंबरात तुटतो आणि कुणाचा मार्चपर्यंत उभा राहून वजनाला मार खातो, याची यादी गावात कुणालाही तोंडपाठ असते.

ठिबकचं तसंच. 2017 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं. नंतर काय झालं ते कालव्याच्या कडेने फिरून बघा. कालव्याची पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी पीक आणि हेक्टर बघून लागते, पाणी मोजून नाही. वाचवलेल्या पाण्याचा एक रुपया कमी होत नाही. आवर्तन आठवड्यांच्या अंतराने येतं, ठिबकला मात्र रोज थोडं पाणी लागतं, म्हणजे आधी शेततळं किंवा विहीर हवी. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत, तेव्हा विजेचीही बचत खिशात दिसत नाही. आणि ज्याने ठिबक करून खरोखर पाणी वाचवलं, तो त्या पाण्यावर आणखी अर्धा एकर ऊसच लावतो. मीही लावला असता.

हे सगळं मी मराठीत बोलतेय तसंच इंग्रजीत लिहून दिलं. कर्ज, काटा, तोड, मत ही साखळी जिथे आहे तिथेच ती थोडी सैल करता येईल, असं म्हणणं होतं. प्रशिक्षणाच्या पैशातला मोठा भाग एका गोष्टीला वळवा: तूर-हरभरा घेणारी खात्रीची खरेदी आणि त्या बिलातून सोसायटीची कपात. दोन-तीन सोसायट्या तयारही होत्या.

आमच्या टीम लीडरनी तो चॅप्टर काढला. ‘मॅडम, खरं असेल, पण हे छापलं तर उद्या कलेक्टर ऑफिसात आपल्याला कुणी उभं करणार नाही. शेवटी राजकीय इच्छाशक्ती नाही, यात सगळं आलं ना?’ चॅप्टरच्या जागी एक तक्ता आला. त्यात साखर कारखान्यांपुढे लिहिलं होतं: ‘इन्फ्लुअन्स: हाय. इंटरेस्ट: मीडियम.’ उसात साखर कारखान्याला इंटरेस्ट मीडियम! पैसा जाणीवजागृतीच्या मेळाव्यांना, टोप्यांना आणि पोस्टरना गेला.

त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं, हे मान्य करते. बाहेरच्या पैशावर आलेल्या माणसाने गावच्या सत्तेवर बोट ठेवलं तर फटका संस्थेला बसतो, प्रकल्पही बंद पडू शकतो. पण मग तसं म्हणा ना. इच्छाशक्ती नाही म्हणू नका. त्या पट्ट्यात इच्छाशक्ती भरपूर आहे, ती वेगळ्या कामाला लागली आहे. तिच्या अभावाला दोष दिला की पुढे विचारायला काही उरत नाही, आणि पुढचं प्रशिक्षण मंजूर होतं.

बाहेरच्या देशांतलं बघा. नायजेरियाने 1 जानेवारी 2012 ला पेट्रोलची सबसिडी एका फटक्यात काढली. 65 नायराचं पेट्रोल 140 च्या आसपास गेलं. वाचलेला पैसा पुढे रस्त्यांना, दवाखान्यांना लावू, असं सरकार सांगत होतं. लोक रस्त्यावर आले, देशव्यापी संप झाला आणि महिना संपायच्या आत भाव 97 वर आणावा लागला. इंडोनेशियाने ऑक्टोबर 2005 मध्ये इंधनाचे भाव सरासरी दुपटीहून वर नेले, पण त्याच महिन्यात दीड कोटीहून जास्त गरीब कुटुंबांना तीन महिन्यांची रोख रक्कम एकदम वाटायला घेतली. निदर्शनं तिथेही झाली, वाटपातही घोळ झाले, पण निर्णय टिकला. इंडोनेशियाकडे इच्छाशक्ती होती आणि नायजेरियाकडे नव्हती असं म्हणणार का? निर्णय तर दोघांनीही घेतला. एकाने घेतल्याबरोबर दिलं, दुसऱ्याने पुढे देऊ म्हटलं, आणि त्या सरकारवर लोकांचा तेवढा विश्वास नव्हता.

दक्षिण आफ्रिकेचं अजून चालूच आहे. 2021 च्या ग्लासगो परिषदेत कोळशातून बाहेर पडायला श्रीमंत देशांकडून साडेआठ अब्ज डॉलरची घोषणा झाली, बहुतांश कर्जाच्या रूपात. म्पुमलांगा प्रांतातलं कोमाटीचं वीज केंद्र ऑक्टोबर 2022 मध्ये बंद झालं. खाणीतला मजूर, कोळसा वाहणारे ट्रकमालक, केंद्राच्या दारातली खाणावळ यांच्या हातात नवं काय आलं, हा प्रश्न तिथे आजही तापलेला आहे. 2025 मध्ये अमेरिका त्या करारातून बाहेरच पडली. आमच्या टीम लीडरना हे कळवायची फार इच्छा होते, पण ते आता माझे फोन घेत नाहीत.

‘राजकारण बाजूला ठेवून काम करता येतं’ हा त्यांचा दुसरा आवडता मुद्दा. त्यावर मी त्यांना नायगावला चला म्हणत होते. पुरंदर तालुक्यातलं, पुण्याहून तासा-दीड तासावरचं गाव. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या पुण्यातल्या इंजिनिअर-उद्योजकाने तिथे पाणी पंचायत उभी केली. नियम मोजके: पाणी जमिनीवर नाही, माणशी. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. यातला एक तरी नियम अराजकीय आहे का? ज्याची जमीन जास्त त्याचं पाणी जास्त, हा राज्यभराचा न लिहिलेला कायदा त्यांनी एका गावात उलटा केला आणि ज्यांना वाटा मिळाला ती घरंच त्या नियमांची राखण करायला लागली. टीम लीडर म्हणायचे, ‘साळुंखे असामान्य होते, ते सोडा.’ सोडायचं कशाला? असामान्य असतीलच. पण पाणी पंचायत राज्यभर का पसरली नाही याचं उत्तर साळुंख्यांच्या स्वभावात शोधणार, की कालव्याच्या पाण्याचे हक्क आजही जमिनीला चिकटलेले आहेत यात?

आता एक उलटी बाजू, म्हणजे तुम्ही उसाला शिव्या घालत फिरू नका. सहकारी कारखाना हेच एकेकाळी अशाच विचारातून निघालेलं उत्तर होतं. 1950 च्या सुमाराला विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेला पहिला कारखाना उभा केला, त्याचे अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ, आपल्या डेक्कनवरच्या गोखले इन्स्टिट्यूटचे. सावकार आणि खासगी गिरणीच्या तावडीतून शेतकरी सोडवायचा तर कर्ज, प्रक्रिया आणि मत एकाच माणसाच्या हातात आणा, हे त्यांनी कुठल्याही टूलकिटशिवाय ओळखलं होतं. पुढे त्याच साखळीने पाणी बांधून ठेवलं, हा वेगळा भाग. आणि पुण्यात बसून उसाच्या पाण्यावर बोलताना, मंजूर कोट्यापेक्षा जास्त पाणी उचलल्यावरून महापालिका आणि जलसंपदा खात्याचं दरवर्षी काय भांडण चालतं, तेही पेपरात वाचा.

तर तुमच्या प्रश्नाला उत्तर: चौकट कुठलीही घ्या, पण पहिल्या आठवड्यात मुलाखती घेऊ नका, कागद मागा. ऊसबिल, सोसायटीचा उतारा, कालवा समितीच्या बैठकीचं इतिवृत्त. पैसा कुठून कुठे जातो ते कागदावर आधी दिसतं. बॉस म्हणाला की ‘फार राजकीय झालं’, तर त्याला विचारा की यातलं चुकीचं काय आहे ते दाखवा. माझ्या वेळी कुणी दाखवू शकलं नव्हतं.

काही गोष्टी राहिल्या. हे सगळं कालव्याखालच्या पश्चिम महाराष्ट्राचं आहे. मराठवाड्यात ऊस बराचसा विहिरी-बोअरवर आहे, कारखान्यांची मालकी वेगळी, टोळ्या तिथल्याच माणसांच्या, तिथे ही साखळी जशीच्या तशी लावू नका. ज्यांनी माहिती दिली त्यांची नावं, गाव, हुद्दा रिपोर्टात येऊ देऊ नका. तुमचा चॅप्टर निघाला तर तुमचा अपमान होईल, पण चिटबॉयची नोकरी जाईल. छापायची आणि आतल्या चर्चेची अशा दोन प्रती करायची मुभा टीओआरमध्येच, म्हणजे कामाच्या अटींच्या कागदातच, लिहून घ्या. आणि या क्षेत्रातल्या पैशाचा भरवसा धरू नका. डीएफआयडी 2020 मध्ये परराष्ट्र खात्यात विलीन झालं, यूएसएड 2025 मध्ये बंदच झालं, त्यांच्या जिवावरचे कितीतरी पुणेकर आज दुसरं काम शोधतायत.

मुलाखतीला जाल तेव्हा एकच विचारा: पीईएचा रिपोर्ट बजेट मंजूर होण्याआधी येणार आहे की नंतर? नंतर येणार असेल तर नोकरी घ्या, पण पगार वाढवून मागा.