'पुट ऑफ'चे अर्थ चिनी सहकाऱ्याला कसे समजावून सांगावेत?

आधी एक करा, 'पुट'ची यादी त्या सहकाऱ्याच्या हातात देऊ नका. 'पुट अप, पुट आउट, पुट ऑफ' असे तक्ते पाठ करून घेणाऱ्यांशी माझं जुनं वाकडं आहे.

चीनमधल्या निंगबोच्या एका निर्यात कंपनीत होतो तेव्हाची गोष्ट. लंडनच्या गिऱ्हाइकाचा मेल आला, डिलिव्हरी सध्या 'पुट ऑफ' करू या. आमच्याकडची मुलगी हुशार, इंग्रजीच्या परीक्षा उत्तम पास झालेली. तिने 'ऑफ' वाचलं, म्हणजे दिवा बंद, पंखा बंद, तशी ऑर्डरही बंद! कंटेनरचं बुकिंग रद्द केलं आणि गिऱ्हाइकाला 'नोटेड, थँक्यू' कळवूनही टाकलं. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. ट्रेनिंगवाले म्हणाले, 'पोस्टपोन', म्हणजे पुढे ढकलणं, तेच शिकवा; फ्रेजल व्हर्ब, म्हणजे 'पुट ऑफ'सारखी 'ऑफ', 'अप'ची शेपटी लावलेली क्रियापदं, ही बोलीभाषा, ऑफिसात हवीत कशाला? अहो, पण गिऱ्हाईक तुम्हाला विचारून मेल लिहितं का?

'पोस्टपोन' तिला येतच होतं. चिनीत त्याला 'थुइछ्र', 'थुइ' म्हणजे ढकलणं, 'छ्र' म्हणजे उशीर. 'पुट ऑफ' म्हणजे थुइछ्र आणि 'कॉल ऑफ' म्हणजे 'छ्युश्याओ', रद्द. एक मेल 'पुट ऑफ'चा, एक 'कॉल ऑफ'चा, असे दोन शेजारी शेजारी ठेवून दाखवले, पाच मिनिटांत काम झालं.

चिनीत अशी शेपटीवाली क्रियापदं नसतात हा ट्रेनिंगवाल्यांचा दुसरा शोध. मग 'क्वानदियाओ' म्हणजे बंद करून टाकणं, 'श्याओ छिलाय' म्हणजे हसू लागणं, हे काय आहे? लियाओ आणि फुकुया यांच्या 2004च्या अभ्यासातही मध्यम पातळीचे चिनी विद्यार्थी फ्रेजल व्हर्ब टाळून एकशब्दी क्रियापद निवडताना दिसले, वरच्या पातळीचे मात्र फारसे टाळत नव्हते. म्हणजे कानावर पडत गेलं की जमतं. तुम्ही पडूच देत नाही, तर जमणार कसं?

बाकी, सर्वनाम मध्ये घालायचं: 'पुट इट ऑफ', 'पुट ऑफ इट' नाही. पुढे क्रियापद आलं तर 'पुट ऑफ गोइंग', 'पुट ऑफ टू गो' नाही. मन उडणं हा अर्थ वेगळा शिकवा: 'द स्मेल पुट मी ऑफ', त्या वासाने जेवणच नकोसं झालं.

करारात मात्र 'पोस्टपोन'च लिहायला सांगा, आणि पुढे नवी तारीख.