रक्त ‘पातळ’ होते म्हणजे नेमके काय होते?

प्रश्न : माझे वय 39 आहे. गौरी-गणपतीत पाळी येऊ नये म्हणून मी गेली काही वर्षे नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेते. या गोळ्यांनी रक्तात गुठळ्या होतात, असे यंदा जाऊबाईंनी सांगितले. सासऱ्यांना हृदयविकारानंतर रक्त पातळ राहण्यासाठी ॲस्पिरिन चालू आहे. त्या दिवसांपुरती त्यांच्यातली रोज एक गोळी मी घेतली तर चालेल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चालणार नाही. जाऊबाईंनी सांगितले त्यात मात्र तथ्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘रक्त पातळ करणारी गोळी’ हा शब्दप्रयोग आम्हा डॉक्टरांनीच रूढ केला आणि त्याने पुष्कळ घोटाळा केला. या गोळ्यांनी रक्ताचा दाटपणा बदलत नाही. गुठळी धरण्याची त्याची तयारी तेवढी कमी होते. ही तयारी दोन प्रकारची असते. रोहिणीत, म्हणजे हृदयाकडून वेगाने रक्त नेणाऱ्या वाहिनीत, आतला चरबीचा थर फुटला की तिथे प्रथम प्लेटलेट्स चिकटतात, थ्रॉम्बॉक्सेन नावाचे द्रव्य सोडून आणखी प्लेटलेट्सना बोलावतात आणि वाट बुजवतात. ॲस्पिरिन हे थ्रॉम्बॉक्सेन तयारच होऊ देत नाही. (ॲस्पिरिन अशा प्रकारच्या द्रव्यांची निर्मिती रोखते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवले आणि 1982 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना इतर दोघांसह विभागून मिळाले.) सासऱ्यांचा धोका हा रोहिणीतला आहे, म्हणून त्यांना ती गोळी योग्य आहे.

आपला प्रश्न नीलांमधला, म्हणजे रक्त संथपणे हृदयाकडे परत आणणाऱ्या वाहिन्यांमधला आहे. तेथील गुठळीत प्लेटलेट्सपेक्षा यकृतात तयार होणाऱ्या प्रथिनांचा वाटा मोठा असतो. ती एकामागून एक सक्रिय होत शेवटी फायब्रिन या धाग्यांसारख्या प्रथिनाचे जाळे विणतात आणि त्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात. तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) यकृतात पोहोचले की फायब्रिनोजेनसारखी गुठळी घडवणारी प्रथिने वाढतात आणि तिला आवर घालणारी अँटिथ्रॉम्बिन व प्रोटीन एस ही प्रथिने कमी होतात. तराजूची दोन्ही पारडी एकाच दिशेने झुकावीत, तसे हे होते. ॲस्पिरिनला या प्रथिनांवर काहीच करता येत नाही, त्यामुळे नीलांतील गुठळीपासून तिने मिळणारे संरक्षण विसंबून राहण्याइतके नसते. जठराची आग आणि रक्तस्रावाची भीती तेवढी पदरी पडते.

आपण म्हणाल, नॉरएथिस्टेरॉन हे तर इस्ट्रोजेन नव्हे. खरे आहे, ते प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे आहे. परंतु पाळी लांबवण्यासाठी ते 5 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा अशा मोठ्या मात्रेत घेतले जाते, आणि त्याचा काही अंश शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो. गर्भनिरोधक गोळ्यांत असते तेच हे इस्ट्रोजेन. घाबरून जाऊ नये म्हणून आकडेही सांगतो : संयुक्त (म्हणजे इस्ट्रोजेनही असलेल्या) गर्भनिरोधक गोळ्या न घेणाऱ्या 10,000 स्त्रियांपैकी वर्षाला सुमारे 2 जणींना अशी गुठळी होते, तर त्या गोळ्या घेणाऱ्यांत, गोळीच्या प्रकारानुसार, 5 ते 12 जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत धोका याहूनही जास्त असतो.

म्हणजे धडधाकट स्त्रीला थोड्या दिवसांच्या गोळ्यांचा धोका लहान आहे. पण तो सर्वांना सारखा नाही. स्वतःला किंवा आईवडील-भावंडांना पूर्वी पायात वा फुप्फुसात गुठळी झाली असेल, वजन बरेच जास्त असेल, धूम्रपान असेल, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमचम दिसत असेल किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर ही गोळी परस्पर घेऊच नये. त्यात गणपतीला गावी जाणाऱ्यांचा बारा-चौदा तासांचा प्रवास असतो. इतका वेळ पाय लोंबकळत ठेवून बसल्याने नीलांतील रक्त आणखी मंदावते. दर दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालावे. गोळ्या हव्याच असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना आठ-दहा दिवस आधी भेटावे, कारण इस्ट्रोजेनमध्ये न बदलणारे पर्यायही त्यांच्याकडे असतात. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर आरती संपण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पूजेसाठी पाळी पुढे ढकलावीच का, हा प्रश्न मात्र माझ्यापेक्षा घरातल्या मोठ्यांना विचारण्यासारखा आहे.

प्रश्न : वडिलांना स्टेंट घालून पाच महिने झाले. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (प्लेटलेट्सना आवरणारी दुसरी गोळी) चालू आहे. दाढ काढण्यासाठी गोळ्या थांबवाव्यात का? प्लेटलेट्सचा रिपोर्ट नॉर्मल आहे. – एक वाचक, सांगली

उत्तर : हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवू नये. दाढेच्या जागी होणारा रक्तस्राव दाबून, टाका घालून किंवा ट्रानेक्सामिक ॲसिडच्या गुळण्यांनी आटोक्यात येतो. स्टेंटमध्ये धरलेली गुठळी जिवावर बेतते. रिपोर्टमध्ये प्लेटलेट्सची फक्त संख्या कळते, त्या काम करतात की नाही हे कळत नाही. प्लेटलेटमध्ये केंद्रक नसल्यामुळे ॲस्पिरिनने निकामी झालेले, थ्रॉम्बॉक्सेन बनवणारे विकर (एन्झाइम) तिला पुन्हा बनवता येत नाही, आणि रोज साधारण दहावा हिस्सा प्लेटलेट्सच नव्या येतात. म्हणून आदल्या दिवशी गोळी चुकवण्याला तसाही अर्थ नसतो. नंतरच्या वेदनेसाठी आयबुप्रोफेन टाळावे, कारण ते ॲस्पिरिनची जागा अडवते आणि रक्तस्रावाचा धोकाही वाढवते. पॅरासिटामॉल चालेल.

प्रश्न : हृदयाची कृत्रिम झडप बसवल्यापासून आईला ॲसिनोकुमारॉल चालू आहे. मेथी, पालक कायमचे बंद करावेत का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही. गुठळी घडवणारी काही प्रथिने बनवायला यकृताला जीवनसत्त्व ‘के’ लागते. हे औषध त्या जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते आणि हिरव्या पालेभाज्यांत ते जीवनसत्त्व भरपूर असते, त्यामुळे खाण्यात सातत्य हवे. आठवड्यातून दोनदा भाजी होत असेल तर दोनदाच होऊ द्या. श्रावणात अचानक रोज आणि मग महिनाभर अजिबात नाही, असे झाले की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा तपासणीतला आकडा) खालीवर होतो. बाहेरून एखादे प्रतिजैविक, वेदनाशामक किंवा काढा सुरू झाला, तर काही दिवसांतच आयएनआर तपासून घ्यावा.