साडेचार वर्षांचा मुलगा महिनाभर लाळ गिळत नाही, सारखा थुंकतो. घरचे म्हणतात ओरडा. ओरडून सवय मोडेल का?

नाही मोडत. मी ओरडून बघितलंय, एकदा पाठीत धपाटाही घातलाय, आणि त्याची लाज अजून जात नाही.

आमची धाकटी पाचाची होती तेव्हाची गोष्ट. कराडजवळ गाव, एकत्र घर, जेवायला आठ पानं. पोरगी तोंडात लाळ साठवायला लागली. गाल फुगलेले, काही विचारलं की "ऊं ऊं", आणि तोंड भरलं की पळत मोरीकडे. शाळेत मोरी जवळ नाही, म्हणून फ्रॉकच्या बाहीत. हनुवटीवर ओलीनं पुरळ उठलं. बाईंनी वहीत लाल शाईनं लिहून पाठवलं, "थुंकण्याची सवय आहे, पालकांनी लक्ष द्यावे."

आईनं मीठमोहरीनं दृष्ट काढली. शेजारच्या काकूंनी मधात वेखंड उगाळून चाटवायला सांगितलं, त्यानं तोंडाला आणखी पाणी सुटलं. आणि घरातला निकाल तर आधीच लागलेला: बायको पतसंस्थेत नोकरीला जाते, म्हणून पोरीला वळण नाही. थोरला दादा म्हणाला, "लाडानं शेफारलीय." हा दादा लक्षात ठेवा.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टॉन्सिल, जीभ, हिरड्या सगळं बघितलं आणि मग ड्रॉवरमधून एक बिस्किट काढून तिच्या हातावर ठेवलं. तिनं खाल्लं, गिळलं, वर पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, "खाताना गिळतेय, झोपेत उशी कोरडी राहतेय, म्हणजे गिळायचं यंत्र ठीक आहे. अडलंय ते डोक्यात." मोठ्या माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि ती आपण नकळत गिळत असतो. एकदा तिकडे लक्ष गेलं की घोट अन् घोट जाणवायला लागतो. हे वाचताना तुम्हीही एक-दोनदा गिळलं असेलच.

पण डोक्यात काय अडलंय ते डॉक्टरांना कुठून कळणार? ते मला कळलं एका रविवारी, सोप्यात ती भातुकली मांडून बसली होती तेव्हा. कडुनिंबाचा वाळका पाला तळहातावर घेतला, अंगठ्यानं मळला, दुसऱ्या हातानं दोनदा थापटून फुंकर मारली, आणि चिमूट करून बाहुलीच्या ओठाखाली दाबली. मग बाहुलीला दम दिला, "गिळायचं न्हाई हं. चक्कर येती. सगळं थुकायचं."

अगदी दादाची नक्कल. तो दिवसातून सात-आठ वेळा बार भरतो, पोरं भोवती असतात. कधीतरी हिनं विचारलं असणार, काका का थुंकतो, आणि त्यानं खरं तेच सांगितलं असणार. तंबाखूचं पाणी गिळलं की गरगरतं, मळमळतं. पोरीनं ते सगळ्याच लाळेला लावलं. बायकोचं म्हणणं, दात घासताना "पेस्ट गिळू नको, थुंक" असं आपणही रोज बजावत होतो. असेल. पण पेस्ट मळून ओठाखाली कोण ठेवत नाही.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "गुटखा खातो काय मी? साधी तंबाखू हाय. बंदी त्याच्यावर हाय." गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे हे त्याला बरोबर ठाऊक. माझं मत विचाराल तर, लेकरांदेखत बार भरणाऱ्यानं कुणाच्या बायकोचं वळण काढू नये.

तर तुमचं. आम्ही लाळेबद्दल घरात बोलणंच बंद केलं. मोरीकडे पळाली तरी कुणी बघायचं नाही. नळीची बाटली जवळ ठेवली. तोंड भरलं की वर एक घोट पाणी ओढायचं, पाण्याबरोबर लाळही जाते. आणि बायकोनं पोळीचा कोरडा तुकडा गोड लागेपर्यंत चावायला लावला. "बघ, हा गोडवा तुझ्याच लाळेनं केला, तिला घाण कोण म्हणतं?" हे तिला सगळ्यात पटलं. दोन महिने लागले, मधे आठवडाभर पुन्हा उलटलं. काकाचं थुंकणं निराळं हे समजावलं तेव्हा तिनं विचारलं, "मग काका खातो कशाला?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरं तर हे आधी लिहायला हवं होतं: हे सगळं, डॉक्टरांनी तोंड-घसा तपासल्यावर. तोंड आलं असेल, टॉन्सिल दुखत असतील, नाक चोंदून तोंडानं श्वास घेत असेल, घास अडकल्याची भीती बसली असेल, तर आमची पोळी काय करणार? सारखे हात धुणं, जंतूंची भीती असंही सोबत असेल तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, त्यात कमीपणा नाही. आणि लाळ अचानक गळायला लागली, ताप आहे, श्वासाला आवाज येतोय, किंवा नाणं वा खेळण्यातला चपटा सेल गिळल्याची शंका आहे, तर मोबाईल खाली ठेवा आणि तडक दवाखाना गाठा. असा सेल घशाखाली अडकला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते.

मुलगी आता तिसरीत आहे. दादानं आजवर काही कबूल केलेलं नाही. बार भरायला मात्र गोठ्यामागं जातो, आणि आई म्हणते, धाकटीच्या धाकानं बिचाऱ्याला उन्हात उभं राहावं लागतं.