रणनीती, डावपेच आणि कुमक

प्रश्न असा आहे: इराक युद्धावरच्या एका लेखात '२००७ साली अमेरिकेने रणनीती बदलली', 'डावपेच बदलले' आणि 'व्यूहरचना बदलली' अशी तिन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात आली आहेत. हे शब्द समानार्थी मानायचे का?

क्रिकेटच्या बातमीत चालून जातं. युद्धाबद्दल लिहिताना मात्र ते वेगळे ठेवायलाच हवेत, कारण कोणी काय बदललं हे त्यावरूनच कळतं.

डावपेच हा कुस्तीतला शब्द. समोरचा भिडलेला असताना त्याला कसं चीत करायचं, एवढाच त्याचा आवाका. गल्लीची झडती कशी घ्यायची, नाका कुठे लावायचा, हे डावपेच. व्यूह म्हणजे सैन्याची मांडणी. चक्रव्यूहातला व्यूह तोच. रणनीती याहून वरची: हाती असलेलं बळ कशासाठी आणि कोणत्या क्रमाने वापरलं म्हणजे युद्धाचा हेतू साधेल, याचा विचार. तो हेतू राज्यकर्ते ठरवतात, ते धोरण.

आता इराक पाहा. तिथल्या अमेरिकी फौजांचे तेव्हाचे सेनापती जनरल जॉर्ज केसी यांचा भर जबाबदारी इराकी दलांकडे सोपवण्यावर होता. फेब्रुवारी २००६ मध्ये समारा शहरातल्या, शियांना पवित्र असलेल्या अल-अस्करी मशिदीत स्फोट झाले आणि शिया-सुन्नी हिंसाचार भडकला. त्या उन्हाळ्यात बगदादमध्ये वस्त्या साफ करून इराकी दलांच्या हवाली करायची मोहीम झाली. अमेरिकी सैनिक पुढे सरकले की मागे पुन्हा रक्तपात. इथे मांडणी बदलली होती, रणनीती जुनीच होती.

जानेवारी २००७ मध्ये बुश यांनी पाच जादा ब्रिगेड, म्हणजे वीस हजारांहून अधिक सैनिक, पाठवायची घोषणा केली. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: कुमक. मूळचा तुर्की, पण मराठीत पक्का मुरलेला. नुसती कुमक पाठवणं म्हणजे रणनीती बदलणं नव्हे. फेब्रुवारीत केसी यांच्याकडून सूत्रं घेतलेल्या जनरल डेव्हिड पेट्रेयस यांनी लोकांच्या रक्षणाला पहिलं स्थान दिलं, सैनिकांना मोठ्या तळांवरून काढून वस्त्यांमधल्या चौक्यांत राहायला लावलं. रणनीती बदलली ती इथे.

पुढे हिंसाचार घटला. त्याचं सगळं श्रेय एका सेनापतीला देणं मला मात्र पटत नाही. अनबार प्रांतातल्या सुन्नी टोळ्या अल-कायदाविरुद्ध उठल्या त्या २००६ मध्येच, आणि ऑगस्ट २००७ मध्ये शिया धर्मगुरू मुक्तदा अल-सद्र यांनी आपल्या लढवय्यांना थांबायला सांगितलं. हिंसाचार घटण्यात या दोन्हींचा मोठा वाटा होता.

तेव्हा तुमच्या परिच्छेदात मी असं लिहीन: 'बुश यांनी कुमक पाठवली, पेट्रेयस यांनी रणनीती बदलली, आणि वस्तीवस्तीतल्या तुकड्यांनी त्यानुसार डावपेच बदलले.' 'व्यूहरचना' मी फक्त सैनिक तळांवरून चौक्यांत गेले, त्या वाक्यात ठेवीन.